काही होत नाही म्हणे!

आमच्या रहाटणीत दिवाळी सरली की सहलींच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, वर्तमानपत्रात घालून आलेल्या रंगीत कागदांवर, किराणा दुकानाच्या काचेवर... काश्मीर, मनाली, औली. 'पाच रात्री, सहा दिवस. स्कीइंगसह. फॅमिलीसाठी उत्तम.' पूर्वी असे काही दिसले की मी पान उलटत असे. आता उलटत नाही. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांशी माझे भांडण आहे आणि ते आज जरा सविस्तर मांडायचे ठरवले आहे.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्कीइंगला विरोध नाही. उलट पायाला दोन लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येणारी माणसे पाहिली की या वयातही हेवा वाटतो. सारे आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेले. बर्फाशी संबंध आला तो फ्रीजपुरता. पण घरात एक प्रसंग घडला आणि या खेळाबद्दल मिळेल ते वाचून काढावे लागले. वाचले तसतसे लक्षात आले की हा खेळ फार शहाण्या माणसांनी फार विचार करून बांधलेला आहे. आपण मात्र त्यातला विचार तेवढा वगळून फोटो उचलला आहे.

तर मुद्दा असा. बर्फाचा एखादा उतार वरपासून खालपर्यंत सारखा क्वचितच असतो. वर पसरट माथा, तिथे लहान मूलही उभे राहील. मग झाडीत शिरणारी अरुंद वाट, तिथे उतार एकदम तीव्र होतो. एखादे आंधळे वळण. मग पुन्हा सौम्य, आणि शेवटी मैदान. अशा उताराला विकणारा माणूस काय म्हणतो? 'मिक्स आहे साहेब. थोडा इझी, थोडा मीडियम. फॅमिलीवाले जातात.' ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते? सोपे अधिक मध्यम भागिले दोन. म्हणजे बऱ्यापैकी सोपेच की!

इथेच फसगत आहे. शाळेत मी हजारो प्रगतिपुस्तके भरली. एखाद्या मुलाला मराठीत ९० आणि गणितात २० गुण मिळाले तर दोन विषयांची सरासरी ५५ येते. पण निकाल काय लागतो? नापास. कारण प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. मराठीतले जास्तीचे गुण गणिताच्या मदतीला धावत नाहीत. उताराचेही तसेच. वरचे सौम्य पाचशे मीटर मधल्या तीव्र पन्नास मीटरच्या मदतीला धावत नाहीत. माणूस सरासरीवर पडत नाही, त्या पन्नास मीटरवर पडतो. म्हणून मिश्र उताराचे नाव त्यातल्या सर्वात अवघड तुकड्यावरून ठेवले पाहिजे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. बाकी जे लिहितो आहे ते या एका वाक्याची फोड आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, याचे नियम परदेशात ठरलेले असतीलच. आहेत ना. युरोपातल्या आल्प्समध्ये उतारांना रंग असतात. निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. काही देशांत निळ्याच्याही खाली नवख्यांसाठी हिरवा. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या मोजमापात निळ्याचा उतार २५ टक्क्यांपर्यंत, लालचा ४० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे काळा. अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा. जपानात हिरवा, लाल, काळा.

हे टक्के म्हणजे नेमके किती? २५ टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरला पंचवीस मीटर उतरणे, म्हणजे सुमारे १४ अंश. ४० टक्के म्हणजे सुमारे २२ अंश. ऐकायला किरकोळ वाटते. पण आपल्या बोरघाटातला रेल्वेचा चढ आहे ३७ ला १, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. इमारतीचा जिना साधारण तीस अंशांचा. त्याला पायऱ्या आहेत म्हणून आपण भाजीची पिशवी घेऊन गप्पा मारत उतरतो. त्या पायऱ्या काढून टाकल्या आणि वर बर्फ पसरला, अशी कल्पना करून बघा, म्हणजे टक्क्यांचा अर्थ ध्यानात येईल.

पण या रंगांतही एक गोम आहे आणि ती सहलवाले सांगत नाहीत. युरोपातल्या त्या मोजमापातच एक सवलत आहे: मोकळ्या जागेतले छोटे तुकडे मर्यादेपेक्षा तीव्र असले तरी उताराचा रंग बदलत नाही. म्हणजे निळ्या पाटीच्या पोटात एखादा लाल तुकडा नियमानुसार बसू शकतो. अमेरिकेत तर रंग त्या त्या ठिकाणापुरता असतो. तिथल्या इतर उतारांच्या तुलनेत हा सोपा की अवघड, एवढेच तो सांगतो. एका डोंगरावरचा निळा चौकोन दुसऱ्या डोंगरावर काळा हिरा ठरू शकतो. शिवाय बर्फाला घड्याळ असते. रात्री गोठलेला उतार सकाळी काचेसारखा, दुपारी भुसभुशीत, आणि सावलीतला तुकडा कलत्या उन्हात पुन्हा काचेसारखा. पाटीवरचा रंग मात्र दिवसभर तोच.

पाटी निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. जिथे पाटी, नकाशा, गस्त, दोरखंड हे सगळे आहे तिथेसुद्धा इतके बारकाईने विचारावे लागते. मग जिथे पाटीच्या जागी एका माणसाचा 'कुछ नहीं होता' हा शब्द आहे, तिथे किती विचारावे लागेल?

आता तो प्रसंग. ठिकाणाचे आणि सहलवाल्यांचे नाव मुद्दामच लिहीत नाही. हा एका ठिकाणाचा प्रश्न असता तर तिथे पत्र पाठवून मोकळा झालो असतो.

मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि मी असे उत्तरेकडे बर्फ पाहायला गेलो होतो. सूनबाई चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम बघतात. पाळीत सात-आठ तास उभे राहायचे काम. पॅकेजमध्ये 'स्कीइंग' होते. म्हणजे एक तास, सपाटीवर. भाड्याचे बूट, भाड्याच्या स्की. तिथल्या मुलाने त्यांना थांबण्याची पहिली रीत शिकवली: पायांची बोटे आत, टाचा बाहेर, स्कीची टोके जवळ आणि शेपट्या लांब. इंग्रजीत तिला 'स्नो-प्लाव' म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगरच. सपाटीवर नांगर छान चालला. तास संपल्यावर तोच मुलगा म्हणाला, वरून एक पूरा रन करू या, फॅमिलीवाला आहे. जादा पैसे ठरले. मी चहाचा पेला घेऊन खाली बाकावर थांबलो. पुढचे मी पाहिले नाही; सूनबाईंनी सांगितले तसे लिहितो.

वरचा भाग मजेत गेला. मधे झाडीत वाट अरुंद झाली, उन्हे कलली होती आणि बर्फ कडक झाला होता. त्या थांबल्या. म्हणाल्या, मी स्की काढते आणि चालत खाली येते. यावर तिघांनी तीन उत्तरे दिली. वाटाड्या म्हणाला, 'कुछ नहीं होता मॅडम.' मागून आलेले पर्यटक म्हणाले, 'अहो, वाट अडवू नका.' आणि माझा मुलगा म्हणाला, 'अगं, काही होत नाही, बघ, पोरगा गेलासुद्धा!' तो हे वाचणार हे ठाऊक असूनही लिहितो आहे. त्या निघाल्या. दहा-बारा मीटरवर पडल्या. एका पायाची स्की सुटली, दुसऱ्या पायाची सुटली नाही, आणि गुडघा फिरला. आतला अस्थिबंध तुटला. पुण्याला येऊन शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने व्यायामोपचार. पाळीतले उभे राहणे अजून पूर्ववत झालेले नाही.

माझे भांडण पडण्याशी नाही. खेळात माणूस पडतोच. भांडण त्यानंतर घराघरांतून फिरलेल्या एका वाक्याशी आहे. 'घाबरली म्हणून पडली.' भेटायला आलेल्या नातेवाइकांनी ते म्हटले, शेजाऱ्यांनी म्हटले, आणि काही दिवसांनी सूनबाईसुद्धा म्हणू लागल्या, 'बाबा, माझंच चुकलं, मी घाबरले.' तेव्हा मात्र मला राहवेना.

या वाक्यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे. घाबरलेला माणूस उताराकडे पाठ टेकतो, अंग मागे घेतो. स्कीवर नेमके उलटे लागते: नडग्या बुटाच्या पुढच्या कडेला टेकलेल्या आणि वजन पुढे. वजन मागे गेले की पुढची टोके हलकी होतात, नांगर सुटतो आणि स्की पळत सुटतात. मागच्या मागे बसत पडले तर पायामागची लांब शेपटी पहारीसारखी काम करते आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. गुडघ्याची दुखापत या खेळात फार नेहमीची आहे ती यामुळेच. म्हणजे भीतीने शरीर चुकते, हे खरे. पण भीती कुठून आली? एक तास सपाटीवर शिकलेल्या बाईला काचेसारख्या, अरुंद, तीव्र तुकड्यावर उभे केल्यावर तिच्या शरीराने जे सांगितले त्याला भीती म्हणायचे की अक्कल? तिने थांबून सांगितले होते, मला हे जमणार नाही. त्या चौघांत त्या क्षणी उताराचे अचूक मोजमाप तिने एकटीनेच केले होते, आणि नेमका तिचाच निकाल नापास लागला!

आणखी एक गोष्ट. बूट आणि स्की यांना जोडणारा जो खटका असतो, ज्याला बाइंडिंग म्हणतात, तो ठरावीक जोर आला की सुटावा अशी रचना असते. किती जोराला सुटावा याचा आकडा लावावा लागतो. त्यासाठी माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याचे कौशल्य या पाच गोष्टी लागतात. आमच्या घरातल्या कोणालाही त्या दिवशी बुटाच्या मापाखेरीज काही विचारले गेले नाही. ते नीट विचारले असते तर गुडघा वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. हा खटका मुख्यतः नडगीचे हाड वाचवतो. गुडघ्याच्या अशा पिळापुढे त्याचे फारसे चालत नाही. गुडघा वाचवायचा खात्रीचा उपाय एकच: ज्याला जो उतार झेपेल त्यालाच त्यावर नेणे. म्हणून मी त्या 'फॅमिली' शब्दाच्या मागे लागलो आहे.

आता आपल्याकडच्या ठिकाणांकडे वळतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथल्या रोपवेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर. दुसरा २००५ मध्ये, थेट अफरवाटच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ. आपली मंडळी स्वेटर, माकडटोपी आणि खाऊचे डबे घेऊन या दोन्ही टप्प्यांनी जातात. एकाच रोपवेचे दोन टप्पे, त्यामुळे मनाला वाटते, खाली तसेच वर. पण खालचा गवताळ माळ नवख्यांचा आणि वरचा डोंगर जगभरच्या पट्टीच्या स्कीपटूंचा. तिथे हिमकडे कोसळतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवाटवर हिमप्रपातात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. ते काही एक तासाच्या शिकवणीवर आलेले नव्हते. सांगायचे एवढेच की पाळणा तुम्हाला कुठेही नेऊन सोडतो. परतीच्या उताराची लायकी तो तिकिटाबरोबर देत नाही.

शिकायचे असेल तर सोयही आहे. औलीला गढवाल मंडळ विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवत आले आहे. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था सोलंगला स्कीचे वर्ग घेते. गुलमर्गलाही केंद्र सरकारची संस्था आहे. सात दिवस आणि चौदा दिवस, हे आकडे पाहा. ज्यांनी आयुष्य बर्फात घातले त्यांना पहिल्या पायरीसाठी एवढे दिवस लागतील असे वाटते. आणि आपल्या पॅकेजात ते एका तासात आटोपते, वर छायाचित्रासह! त्या तासाला 'बर्फावर उभे राहून पाहणे' म्हणा, माझी काही हरकत नाही. त्याला स्कीइंग म्हटले की तासाभराने माणसाला वाटते, आता मला येते.

कोणी म्हणेल, काश्मीर-उत्तराखंडाचे आम्हाला काय सांगता, आमचे सह्याद्रीत बरे चालले आहे. बरे चालले आहे का? आपला लोहगड घ्या. चिंचवडहून लोकलने मळवली तासाभराच्या आत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात लोहगड आहे, त्यामुळे ओघ आणखी वाढला आहे. कोणालाही विचारा, लोहगड कसा? 'सोपा! पायऱ्या आहेत. फॅमिलीसाठी मस्त.' दरवाजांमधून माथ्यापर्यंत ते खरेच आहे. पण गडाच्या पश्चिमेला विंचूकाटा आहे. तिथे जायला कातळाचा एक टप्पा उतरावा लागतो, आणि पावसात तो शेवाळलेला असतो. म्हणजे आपल्या उंबऱ्यावर असलेला हाही एक मिश्र उतारच. 'लोहगड सोपा' हे वाक्य कानात घेऊन निघालेले कुटुंब चपलांवर त्या कातळापाशी येते आणि मागून कोणीतरी म्हणते... काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे.

लोणावळ्याचा भुशी डॅम तर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांचाच. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. घोट्याएवढे पाणी पाहता पाहता वाढले. सकाळी सोपी असलेली जागा दुपारी सोपी राहत नाही, हे बर्फाला लागू आहे तसे पाण्यालाही. त्यानंतर प्रशासनाने मनाईचे आदेश काढले. आपली पद्धत ही अशी आहे. अपघातापर्यंत 'काही होत नाही' आणि अपघातानंतर 'कोणीच जायचे नाही'. या दोन्हींच्या मधे जे सांगायला हवे, की अमुक ठिकाणापर्यंत जा, तमुक दगडापासून मागे फिरा, पाणी इतके दिसले की निघा, ते सांगायला कोणी तयार नाही. कारण त्यासाठी ती जागा खरोखर पायी फिरून पाहावी लागते.

आता माझ्यावर होणारा आक्षेप. 'गुरुजी, तुमच्या पिढीला कोणी पाट्या लावून दिल्या होत्या? विहिरीत ढकलून देत आणि पोहायला येत असे.' हा आक्षेप मी माझ्याच वयाच्या मित्रांकडून अनेकदा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी थक्क होतो. अरे, आठवा जरा नीट! ढकलून देत होते हे खरे, पण कोणत्या विहिरीत? पायऱ्या असलेल्या. पाठीला काय बांधलेले असे? पांगाऱ्याचे बिंडे नाहीतर सुका भोपळा. पाण्यात आधीच कोण उतरलेले असे? काका नाहीतर मामा, आणि दोर काठावरच्या माणसाच्या हातात. कोणत्या विहिरीला कपार आहे, कोणत्या डोहात भोवरा आहे, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असे. त्या डोहात कोणाला ढकलत नसत. ती पाटी लाकडाची नव्हती, तोंडी होती, इतकेच. आपण शहरात येताना ढकलणे तेवढे बरोबर आणले. दोर आणि भोपळा गावातच राहिला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. 'त्या वाटाड्या पोरांचे दोन-तीन महिन्यांवर वर्ष चालते, त्यांच्या पोटावर पाय का देता?' मी त्यांच्या बाजूचाच आहे. जो मुलगा सूनबाईंना वर घेऊन गेला, त्यानेच त्यांना खांद्याचा आधार देत खाली आणले. दोष त्याच्या गरजेचा नाही. दोष, त्याचा तास भाड्याने घेऊन त्याचा पर्यटकांना थांबवण्याचा अधिकार काढून घेणाऱ्या व्यवहाराचा आहे. 'मॅडम, आज इथूनच परत' असे म्हटल्यावर त्याचे पैसे बुडणार असतील तर तो तसे कशाला म्हणेल? थांबवल्याचेही पैसे त्याला मिळाले पाहिजेत. अर्ध्या वाटेवरून परत आणणाऱ्याला पूर्ण मजुरी द्या, मग बघा तो किती खरे बोलतो ते.

आणि तिसरा आक्षेप, जो कोणी तोंडाने बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो: मधेच स्की काढून चालत खाली येणे म्हणजे नामुष्की. या गैरसमजाला दोन उत्तरे आहेत. पहिले, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ पासून स्कीपटूंसाठी दहा आचारनियम घालून दिले आहेत. वेग आपल्या ताब्यात ठेवा, मागून येणाऱ्याने पुढच्याला जपावे, अरुंद जागी उगाच थांबू नये, असे ते नियम. त्यांतला सातवा काय सांगतो? पायी चढणाऱ्याने आणि पायी उतरणाऱ्याने उताराच्या कडेने चालावे. पाहा, नियम करणाऱ्यांनी पायी उतरणारा माणूस गृहीतच धरला आहे, त्याला कडेची हक्काची जागा दिली आहे. मागून येणाऱ्याने 'वाट अडवू नका' म्हणून ओरडायचे नसते. त्यानेच आपला मार्ग बदलायचा असतो.

दुसरे उत्तर गुलमर्गजवळच्या तंगमर्गचे आहे. तिथला आरिफ खान वयाच्या चौथ्या वर्षापासून स्कीवर आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालम शर्यतीत तो ४५ वा आला. त्या दिवशी भर हिमवर्षावात शर्यत झाली आणि जगातल्या निवडक स्पर्धकांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती पूर्ण करता आली नाही. पुढच्या स्लालम शर्यतीत स्वतः आरिफलाही पूर्ण करता आली नाही. निकालपत्रकावर अशा नावांपुढे साधी नोंद असते: पूर्ण केली नाही. कोणी त्याखाली 'घाबरला म्हणून' असे लिहीत नाही. ऑलिंपिकच्या निकालपत्रकात न पूर्ण करणाऱ्यासाठी एक रकाना असतो आणि आपल्या सहकुटुंब सहलीत तो नसतो, हे अजब नाही का?

खरे तर हा रकाना आपल्याकडे होता. आमच्या पिंपरी-चिंचवडमधून दर वर्षी तुकोबांची पालखी जाते, आकुर्डीला मुक्काम करते. त्यात नातू असतात, आज्या असतात, गुडघे धरून चालणारे असतात. कुठे चालायचे, कुठे विसावा, कुठे मुक्काम, हे आधीपासून ठरलेले. थकलेला माणूस दिंडीमागच्या गाडीत बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतो, आणि पंढरपूरला पोचल्यावर त्याला कोणी विचारत नाही की तू सगळे चाललास का. एवढे मोठे कुटुंब इतके दिवस चालते ते दमलेल्यांना सांभाळूनच. आपल्या चार माणसांच्या सहलीत मात्र सर्वात दांडगा माणूस पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे फरफटत.

मला काय हवे आहे ते स्पष्टच लिहितो. जिथे उतार विकला जातो तिथे त्याचे नाव त्यातल्या सर्वात अवघड तुकड्यावरून ठेवा आणि तो तुकडा कुठे आहे हे सुरुवातीलाच सांगा. त्या तुकड्याच्या आधी कडेने खाली उतरायची वाट राखा आणि तिथे पाटी लावा, हिंदीतही. भाड्याची स्की देताना वजन, उंची, वय विचारा. वाटाड्याला 'आज नाही' म्हणण्याचा अधिकार आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. हे कोणत्याही सहलवाल्याला परवडण्यासारखे आहे. 'फॅमिली' हा शब्द यानंतर खुशाल वापरा.

आणि आपण, पैसे देणारे? रजा घेऊन, पैसे साठवून, मुलांना बर्फ दाखवायला निघालेले आपण? जा, जरूर जा. नातवंडांना शिकवा, सात दिवसांच्या वर्गाला घाला, पडू द्या. पण कुटुंब नावाचा कोणी एक इसम उतारावरून घसरत नसतो. तिथे आई असते, दहा वर्षांचा मुलगा असतो, पन्नाशीचा काका असतो, आणि प्रत्येकाचा उतार निराळा असतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'फॅमिलीसाठी आहे, काही होत नाही' म्हणाले की त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. यातला सर्वात अवघड तुकडा कुठे आहे? त्याच्या आधी कडेने उतरायची वाट कुठून आहे? आणि आमच्यापैकी कोणी तिथे थांबलेच, तर त्याच्याबरोबर कोण थांबणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने द्यायची. तिसऱ्याचे आपल्याला घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे लागेल.